पेशींची शिरगणती आणि आपल्या प्रयोगशाळा

एखाद्या देशाचे दरडोई उत्पन्न वाढले म्हणजे त्या देशातील प्रत्येक माणसाचे उत्पन्न वाढले असे होत नाही, ही गोष्ट आता अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. परंतु ती सर्वमान्य होण्यास बराच काळ जावा लागला. १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांच्या आधारे त्यांनी जो प्रश्न विचारला तो साधा होता. सरासरी वाढली हे मान्य. परंतु वाढ नेमकी कोणाच्या पदरात पडली? सरासरीच्या आड दडलेली माणसे त्या प्रश्नामुळे चर्चेच्या मध्यभागी आली.

योगायोग असा की, त्याच १९७१ साली स्टॉकहोममध्ये एव्हा एंगव्हाल आणि पेटर पेर्लमान यांनी ‘एलायझा’ या चाचणीची पद्धत प्रसिद्ध केली. नेदरलँड्समध्येही त्याच वर्षी दोघा संशोधकांनी स्वतंत्रपणे तीच वाट शोधली होती. त्या चाचणीने जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेला एकाच वेळी शेकडो नमुने मोजण्याचे साधन दिले. पुढच्या पन्नास वर्षांत जीवशास्त्रज्ञांचा प्रवासही अर्थशास्त्रज्ञांच्या वाटेनेच झाला. आधी त्यांनी सरासरी वेगाने व स्वस्तात मोजण्याची कला साधली. मग ही सरासरी फसवी असते हे त्यांच्या ध्यानात आले. आणि आता ते एकेका पेशीची शिरगणती करू लागले आहेत. मायक्रोप्लेट रीडर आणि स्वयंचलित पेशीचित्रण ही या प्रवासातील दोन प्रमुख साधने होत. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने या विषयावर लिहावे याचे कारण एवढेच की, या साधनांच्या इतिहासात तंत्रज्ञानाइतकेच अर्थकारणही आहे, आणि आपल्याकडे नेमक्या त्याच बाजूकडे दुर्लक्ष होते.

टंचाईतून जन्मलेली प्लेट

मायक्रोप्लेट ही वस्तू दिसायला अगदी साधी. तळहातावर मावेल एवढा प्लॅस्टिकचा आयताकृती तुकडा आणि त्यात ओळीने पाडलेले छोटे खळगे. इतकेच तिचे स्वरूप. प्रत्येक खळगा म्हणजे एक स्वतंत्र परीक्षानळी. तिचा जन्म एखाद्या धनाढ्य कंपनीत झाला नाही. १९५०च्या दशकाच्या प्रारंभी, महायुद्धाच्या आघातातून सावरू पाहणाऱ्या हंगेरीत इन्फ्लुएन्झाची साथ आली. नमुने पुष्कळ आणि साधने अपुरी, अशा स्थितीत ग्युला टाकात्सी या डॉक्टराने ॲक्रिलिकच्या तुकड्यात हाताने खळगे कोरले: सहा ओळी आणि प्रत्येक ओळीत बारा खळगे. द्राव मोजून उचलण्यासाठी त्याने तारेची वेटोळी वापरली. पुढे त्याने आठ ओळींची, ९६ खळग्यांची रचना केली, आणि तीच आजतागायत टिकून आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जॉन सेव्हर यांनी ही पद्धत उचलली. त्यानंतर साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकच्या प्लेटा बाजारात आल्या.

‘एलायझा’ला या प्लेटेची जोड मिळाली तेव्हा दोघींचेही भाग्य उजळले. या चाचणीचे तत्त्व समजण्यास कठीण नाही. ज्या पदार्थाचा शोध घ्यावयाचा त्याला नेमके ओळखून चिकटणारे प्रतिपिंड घ्यायचे आणि त्यांच्या पाठीशी एक एंझाइम बांधायचे. प्रतिपिंड चिकटून राहिले की, एंझाइम वर ओतलेल्या रसायनाला रंग आणते. पदार्थ जितका अधिक तितका रंग गडद. रक्तपेढीत जमा झालेल्या रक्तात एचआयव्हीचा किंवा ‘ब’ प्रकारच्या काविळीचा संसर्ग आहे की नाही हे पाहण्यासाठी असंख्य ठिकाणी याच पद्धतीचा आधार घेतला जातो. म्हणजे वाचकांपैकी ज्यांनी कधी रक्त दिले वा घेतले असेल, त्यांचा या खळग्यांशी संबंध येऊन गेला असण्याचा संभव मोठा आहे.

खळग्यातील रंग डोळ्यांनी पाहून अजमावणे म्हणजे दाणे हातात घेऊन पोत्याचे वजन सांगण्यासारखे होय. रंगाचे आकड्यात रूपांतर करण्याचे काम मायक्रोप्लेट रीडर करतो. जुन्या प्रकाशमापक यंत्रात प्रकाशाचा झोत काचेच्या चौकोनी नळीतून आडवा जाई आणि एका वेळी एकच नमुना मोजला जाई. १९७०च्या दशकात फिनलंडचे ओस्मो सुओवानिएमी आणि त्यांचे सहकारी यांनी प्रकाश आडवा नेण्याऐवजी खळग्यातून उभा नेण्याची युक्ती यंत्रात आणली. त्यामुळे नमुना नळीत ओतण्याची गरजच उरली नाही. प्लेट आत सरकवली की ओळीमागून ओळ वाचून होते. अर्थात, या युक्तीची किंमतही होती. प्रकाशाने कापलेले अंतर खळग्यातील द्रावाच्या उंचीवर अवलंबून राहू लागले. द्राव थोडा कमी-अधिक पडला की आकडा चुकतो. म्हणून यंत्राइतकेच द्राव भरणाऱ्या हातालाही महत्त्व आले. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

एका मापाची किमया

आज एकच रीडर रंगाचे शोषण मोजतो, एका रंगाचा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा प्रकाश टाकणाऱ्या द्रव्यांची चमक, म्हणजे फ्लुओरेसन्स, मोजतो, आणि काजव्याप्रमाणे रासायनिक क्रियेतून निघणारा मंद उजेडही मोजतो. खळग्यांची संख्या ९६ वरून ३८४ वर आणि तेथून १५३६ वर गेली. परंतु प्लेटेचा बाहेरचा आकार बदलला नाही. लांबी १२७.७६ मिलिमीटर, रुंदी ८५.४८ मिलिमीटर, ९६ खळग्यांच्या प्लेटेत दोन खळग्यांच्या केंद्रांत ९ मिलिमीटर अंतर, ३८४ च्या प्लेटेत त्याच्या निम्मे, आणि १५३६ च्या प्लेटेत त्याच्याही निम्मे. हे माप २००४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या नावाने अधिकृत झाले. ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. म्हणून एका कंपनीची प्लेट दुसरीच्या यंत्रात बसते आणि तिसरीचा यांत्रिक हात ती उचलू शकतो. अर्थशास्त्राच्या भाषेत हे मानक म्हणजे सार्वजनिक वस्तू होय. एकाने वापरले म्हणून ते दुसऱ्यासाठी कमी होत नाही, आणि सर्वांनी वापरले तरच त्याचे मोल वाढते.

यातून काटकसर किती झाली याचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. समजा, एक लाख रासायनिक पदार्थांपैकी कोणता पदार्थ एखाद्या रोगजंतूला रोखतो हे पाहायचे आहे. परीक्षानळीत प्रत्येकी २ मिलिलिटर द्राव घेतला तर २०० लिटर द्राव लागेल. ९६ खळग्यांच्या प्लेटेत प्रत्येकी १०० मायक्रोलिटर घेतल्यास १० लिटर पुरतील. १५३६ च्या प्लेटेत ५ मायक्रोलिटर प्रमाणे अवघा अर्धा लिटर. तुलनेसाठी राखून ठेवायचे खळगे वगळून ९६ च्या प्लेटेत ८० पदार्थ बसतात असे धरले तर १,२५० प्लेटा लागतील. १५३६ च्या प्लेटेत त्याच प्रमाणात १,२८० पदार्थ बसतील आणि ७९ प्लेटांत काम आटोपेल. दुर्मीळ एंझाइमे आणि प्रतिपिंडे यांचे भाव ज्यांना ठाऊक आहेत त्यांना या आकड्यांचा अर्थ निराळा सांगावयास नको.

मात्र वेग वाढला की चुकाही वेगाने होतात. प्लेटेच्या कडेच्या खळग्यांतील पाणी लवकर उडते. ९६ पैकी ३६ खळगे कडेचे असतात, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक. म्हणूनच १९९९ साली झांग, चुंग आणि ओल्डेनबर्ग यांनी सुचविलेले एक साधे संख्याशास्त्रीय परिमाण आज या क्षेत्रात सर्वत्र रूढ झाले आहे. ‘निश्चित परिणाम होणारे’ आणि ‘निश्चित परिणाम न होणारे’ अशा दोन गटांच्या सरासरींतील अंतर त्या गटांतील विस्ताराच्या मानाने पुरेसे आहे काय, हे ते सांगते. अंतर अपुरे असेल तर यंत्र कितीही महाग असो, त्याचे आकडे विश्वासार्ह नव्हेत.

सरासरीचे मौन

रीडर कितीही सुधारला तरी त्याची एक मर्यादा मूलभूत आहे. तो खळग्याची सरासरी सांगतो. खळग्यात दहा हजार पेशी असतील तर त्या सर्वांची मिळून चमक किती, एवढेच त्याला कळते. समजा, औषध घातल्यावर चमक निम्मी झाली. सगळ्या पेशी अर्धमेल्या झाल्या, की निम्म्या मेल्या आणि निम्म्या ठणठणीत राहिल्या? दोन्ही स्थितींत आकडा एकच येतो. दरडोई उत्पन्नाच्या आकड्याला हा दोष पूर्वीच चिकटला आहे.

रोगाच्या बाबतीत हा फरक जीवनमरणाचा असतो. १९४४ साली डब्लिनच्या जोसेफ बिगर यांच्या असे निदर्शनास आले की, पेनिसिलिनच्या माऱ्यातही दशलक्षात एखादा जंतू तग धरतो. आणि त्याची संतती पुन्हा पेनिसिलिनला पूर्वीप्रमाणेच बळी पडते. म्हणजे हे जंतू औषधाला निर्ढावलेले नव्हते. ते केवळ निपचित होते. दशलक्षात एक, हा हिशेब कोणत्याही सरासरीत दिसणार नाही. २००४ साली नताली बालाबान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेका जंतूवर पाळत ठेवून दाखविले की, हे तग धरणारे जंतू औषध येण्यापूर्वीच मंदावलेले असतात. क्षयरोगाचे उपचार महिनोन्‌महिने घ्यावे लागतात त्यामागे अशा चिवट जंतूंचा वाटा मोठा आहे असे मानले जाते.

तेव्हा एकेक पेशी पाहणे भाग झाले. परंतु पाहणे आणि मोजणे यांत अंतर आहे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून माणूस दिवसभरात किती पेशी मोजणार? हे अंतर भरून काढण्यास तीन गोष्टी कारणीभूत झाल्या.

पहिली गोष्ट, पेशीतील नेमका भाग उजळून दाखवणारी द्रव्ये. त्यांत समुद्रातील एका जेलीफिशपासून मिळालेल्या हिरव्या चमकत्या प्रथिनाचे स्थान मोठे आहे. ओसामु शिमोमुरा यांनी ते १९६२ साली वेगळे केले. डग्लस प्रॅशर यांनी त्याचे जनुक १९९२ साली हाती आणले. मार्टिन चाल्फी यांनी १९९४ साली ते दुसऱ्या सजीवांत चमकवून दाखवले. आणि रॉजर त्सियेन यांनी त्याच्या निरनिराळ्या रंगांच्या आवृत्त्या घडवल्या. २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक शिमोमुरा, चाल्फी आणि त्सियेन यांना मिळाले. प्रॅशर यांचे अनुदान त्यापूर्वीच संपले होते. आपल्याला हे काम पुढे नेता येणार नाही असे दिसताच त्यांनी ते जनुक चाल्फी आणि त्सियेन यांना देऊन टाकले होते. पारितोषिक जाहीर झाले तेव्हा ते अलाबामातील एका मोटारविक्रेत्याकडे गिऱ्हाइकांची ने-आण करणारी गाडी चालवीत होते. विज्ञानाचे अर्थकारण किती निष्ठुर असू शकते याचे हे उदाहरण आहे. आणि जे विकता आले असते ते वाटून टाकल्याने किती मोठे पीक आले याचेही.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वयंचलित सूक्ष्मदर्शक. १९९०च्या दशकात अमेरिकेत, प्रथम औषध कंपन्यांच्या गरजेतून, अशी यंत्रे आली. ती प्लेट एका खळग्यावरून दुसऱ्यावर आपोआप सरकवतात, चित्र स्वतः नेमके करून घेतात आणि निरनिराळ्या रंगांत छायाचित्रे काढतात. पुढे रीडर आणि सूक्ष्मदर्शक एकाच पेटीत आले. प्रथम सरासरी मोजायची आणि जेथे काही विशेष दिसेल तेवढ्याच खळग्याची चित्रे घ्यायची, अशी सोय झाली.

तिसरी आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत निर्णायक गोष्ट म्हणजे ही चित्रे वाचणारे सॉफ्टवेअर. ३८४ खळग्यांच्या प्लेटेत प्रत्येक खळग्याच्या ९ जागा पाच रंगांत टिपल्या तर १७,२८० चित्रे होतात. एका चित्राला ९ मेगाबाइट धरले तरी एका प्लेटेमागे दीडशे गिगाबाइटांहून अधिक साठा लागतो. ही चित्रे माणसाने पाहणे अशक्यच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील वेन रॅसबँड यांनी १९९७ साली ‘इमेजजे’ हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी मोफत खुले केले. २००० नंतरच्या दशकात अ‍ॅन कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेलप्रोफायलर’ रचले; तेही मोफत आणि त्याची अंतर्गत रचनाही खुली. पेशीची सीमा आखणे, तिचा आकार, तिच्या केंद्रकाचा पोत, रंगांची वाटणी मोजणे, ही कामे ते करते. ‘सेल पेंटिंग’ या पद्धतीत सहा रंगद्रव्यांनी पेशीचे आठ घटक रंगवले जातात आणि एकेका पेशीची सुमारे दीड हजार वैशिष्ट्ये नोंदली जातात. अलीकडच्या वर्षांत औषध कंपन्या आणि संशोधन संस्था यांनी एकत्र येऊन एक लाखाहून अधिक रासायनिक पदार्थांचा पेशींवरील परिणाम या पद्धतीने टिपला आणि ती सर्व चित्रे जगाला खुली केली.

येथे एक इशारा दिला पाहिजे. दीड हजार वैशिष्ट्यांची तुलना केली आणि शेकडा पाच ही चुकीची मर्यादा मानली तर सुमारे ७५ वैशिष्ट्यांत केवळ योगायोगाने ‘फरक’ दिसेल. मोजमाप वाढले म्हणजे ज्ञान वाढलेच असे नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने सध्या जे डिंडिम वाजत आहेत त्यांच्या गजरात संख्याशास्त्राचा हा प्राथमिक पाठ विसरला जाऊ नये.

क्षयाचा धडा

हे सारे धनिक देशांचे खेळ आहेत, आपल्याला त्यांचे काय, असा आक्षेप कोणी घेईल. ज्या देशात प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधांची वानवा संपत नाही तेथे पेशींची चित्रे कसली काढता? आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही. परंतु त्याचे उत्तर क्षयरोगाच्याच इतिहासात आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि औषधांना दाद न देणारा क्षय ही मुंबईसारख्या शहराची जुनी चिंता आहे. कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल हे कळण्यास पूर्वापार पद्धतीत कित्येक आठवडे जातात. तोवर रुग्ण निरुपयोगी औषध घेत राहतो आणि घरातल्यांना रोग देत राहतो.

पेरूच्या लिमा शहरातील संशोधकांनी यावर उपाय शोधला तो २४ खळग्यांची साधी प्लेट आणि उलट्या बांधणीचा सूक्ष्मदर्शक यांच्या साहाय्याने. द्रव माध्यमात वाढणाऱ्या क्षयजंतूंचे दोरखंडासारखे पुंजके सूक्ष्मदर्शकाला लवकर दिसतात; ज्या खळग्यात औषध असूनही ते दिसले तेथे औषध निष्प्रभ. सुमारे आठवडाभरात निकाल हाती येऊ लागला. २००६ साली या पद्धतीची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही पुढे तिला काही अटींवर मान्यता दिली. टाकात्सीने जे हंगेरीत केले तेच येथे पुन्हा घडले. टंचाईने कल्पकतेला वाट काढून दिली.

याच्या पुढची पायरी म्हणजे ‘क्रिप्टिक’ हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प. २३ देशांतून मिळालेले क्षयजंतूंचे १२,२८९ नमुने त्यात ९६ खळग्यांच्या प्लेटेवर १३ औषधांविरुद्ध तपासले गेले आणि त्यांची जनुकीय माहितीही जोडली गेली. हे सर्व २०२२ साली प्रसिद्ध झाले. मुंबईतील प्रयोगशाळांचाही या कामात सहभाग होता. प्लेटांची छायाचित्रे यंत्राने वाचली; तसेच ती संगणकाच्या जाळ्यावर मांडून सामान्य नागरिकांकडूनही वाचून घेतली. नऊ हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी त्यासाठी आपला वेळ दिला. एकेकाचे मत चुकू शकते. परंतु अनेकांच्या मतांचा मध्य काढला की तो तज्ज्ञाच्या वाचनाच्या जवळ जातो, असे दिसून आले. म्हणजे सरासरीला येथेही स्थान राहिले. मात्र ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरायची याचे तारतम्य हवे.

यंत्र आले, पुढे काय?

आता आपल्या महाविद्यालयांकडे आणि विद्यापीठांकडे वळू. २०२०-२१ साली भारताचा संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. ही रक्कम तुटपुंजी आहे हे खरे. परंतु ती खर्च होण्याची रीत अधिक चिंताजनक आहे. आपल्याकडे यंत्र मिळणे तुलनेने सोपे असते, कारण तो भांडवली खर्च असतो. एखाद्या योजनेतून एकरकमी अनुदान येते, वर्षअखेरीस ते संपवायचे असते, यंत्र येते, उद्घाटन होते. त्यानंतर लागणाऱ्या प्लेटा, रंगद्रव्ये, प्रतिपिंडे, बदलावयाचे दिवे, वार्षिक देखभाल करार आणि यंत्र चालवणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ, हा सारा आवर्ती खर्च. त्यासाठी शीर्ष नसते. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून हिंडणाऱ्या कोणालाही कापडाखाली झाकलेली यंत्रे अपरिचित नाहीत. ती बिघडलेली असतातच असे नाही. कित्येकदा त्यांच्या पोटात घालायला काही नसते.

हा हिशेब काल्पनिक आकड्यांनी मांडून पाहू. समजा, यंत्राची किंमत ३० लाख रुपये आणि आयुष्य दहा वर्षे. म्हणजे घसारा वर्षाला ३ लाख. देखभाल किमतीच्या दहा टक्के धरली तर आणखी ३ लाख. हे सहा लाख प्लेट वाचा वा न वाचा, लागणारच. वर्षाला १०० प्लेटा वाचल्या तर प्लेटेमागे ६,००० रुपये पडतात. २,००० वाचल्या तर अवघे ३००. स्थिर खर्च मोठा असलेल्या साधनाचे भवितव्य त्याच्या वापरावर ठरते, हा नियम एस.टी.च्या गाडीला लागू आहे तसाच रीडरलाही. असे असता एकाच शहरातील चार महाविद्यालयांनी चार यंत्रे घ्यावीत आणि चारही अर्धपोटी ठेवावीत, यात कोणते शहाणपण आहे?

सामायिक वापराची कल्पना आपल्याला नवी नाही. १९७०च्या दशकातच केंद्र सरकारने प्रादेशिक उपकरण केंद्रे सुरू केली. मुंबईच्या आयआयटीतील केंद्र त्यांपैकीच एक. २०२० च्या जानेवारीत ‘आय-स्टेम’ हे संकेतस्थळ सुरू झाले; कोणते यंत्र कोठे आहे आणि ते कसे वापरावयास मिळेल हे त्यावरून कळावे असा हेतू आहे. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरातील प्रयोगशाळांना पेशींचे वाण पुरवते. म्हणजे बी-बियाण्याची सोय आहे, अवजारांची यादी आहे. अडते ते नांगर एका शेतातून दुसऱ्या शेतात नेण्यापाशी. ज्याच्या नावावर यंत्र आहे त्याला ते दुसऱ्याला वापरू दिल्याबद्दल श्रेय मिळत नाही. बिघडले तर जाब मात्र द्यावा लागतो. अशा स्थितीत कुलूप लावणे हेच त्याच्या दृष्टीने व्यवहार्य ठरते. दोष व्यक्तीचा नाही. व्यवस्थेने दिलेल्या प्रलोभनांचा आहे.

सरकारी धोरणातही हीच ओढाताण दिसते. सार्वजनिक संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर मिळणारी वस्तू व सेवा कराची पाच टक्क्यांची सवलत २०२२ साली मागे घेण्यात आली. उलट, २०२५ च्या जूनमध्ये संशोधन संस्थांच्या खरेदीचे नियम शिथिल झाले आणि निविदेविना थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली. एका हाताने काढून घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने द्यायचे, यातून संशोधकाचे फारसे भले होत नाही.

तीन सूचना

यावर उपाय नाही असे नाही. पहिली सूचना अशी की, यंत्रासाठी अनुदान मंजूर करताना निदान पाच वर्षांच्या आवर्ती खर्चाची तरतूद त्याच आदेशात असावी. ती शक्य नसेल तर यंत्र मंजूर करू नये. त्या तरतुदीत तंत्रज्ञाचा समावेश हवाच. पूर्वी म्हटल्याप्रमाणे द्राव भरणारा हात हा मोजमापाचा भागच आहे. कंत्राटावर सहा-सहा महिने राबणाऱ्या, बढतीची वाट नसलेल्या माणसाकडून त्या हाताला स्थैर्य कोठून येणार?

दुसरी सूचना निविदेच्या अटींविषयी. प्लेटेचे माप खुले असल्याने बाजारात स्पर्धा राहिली. परंतु यंत्रातून निघणाऱ्या चित्रांची साठवण बहुधा प्रत्येक कंपनी आपापल्या बंदिस्त पद्धतीने करते. दरम्यान मोठ्या कंपन्या लहान कंपन्यांना गिळत आहेत. २०१९ साली ॲजिलेंटने बायोटेक ही रीडर बनवणारी कंपनी शंभर कोटी डॉलरहून अधिक किमतीला घेतली. अशा बाजारात गिऱ्हाइकाने एकाच विक्रेत्याच्या दावणीला बांधून घेणे धोक्याचे आहे. खुल्या पद्धतीत चित्रे बाहेर काढता आली पाहिजेत, ही अट सरकारी पैशाने घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला घालावी. निरनिराळ्या कंपन्यांच्या दीडशेहून अधिक पद्धतींतील चित्रे वाचणारे मोफत सॉफ्टवेअर डंडी विद्यापीठातील गट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यापूर्वीच तयार केले आहे. काम तेवढे अटी लिहिणाऱ्यांनी करावयाचे आहे.

तिसरी सूचना अध्यापक आणि विद्यार्थी यांच्यासाठी आहे, आणि तिला सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. लाखो पेशींची खुली चित्रे आणि ती वाचणारे मोफत सॉफ्टवेअर आज उपलब्ध आहे. ज्या महाविद्यालयात यंत्र नाही तेथील विद्यार्थ्यालाही साध्या संगणकावर पेशींची सीमा आखणे, त्यांची वाटणी काढणे, सरासरी आणि मध्यक यांतील फरक पाहणे शक्य आहे. जीवशास्त्र, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र बसून एक अभ्यासक्रम आखला तर त्यासाठी लागणारा पैसा नगण्य आहे. हंगेरीतील डॉक्टरने ॲक्रिलिकच्या तुकड्यापासून प्रारंभ केला. आपल्या विद्यार्थ्यापाशी त्याहून पुष्कळ अधिक साधने आहेत.

यंत्र विकत घेता येते. मोजमापाची व्यवस्था मात्र उभारावी लागते. तेव्हा यापुढे एखाद्या नव्या यंत्राचा ठराव विद्यापीठाच्या अधिसभेपुढे येईल त्या वेळी सभासदांनी त्याच्या किमतीबरोबर आणखी काही प्रश्न विचारावेत. पुढील पाच वर्षांच्या प्लेटा कोणत्या शीर्षाखाली येणार? तंत्रज्ञाचा पगार कोण देणार? शेजारच्या तालुक्यातील महाविद्यालयाला हे यंत्र आठवड्यातून कोणत्या वारी वापरावयास मिळणार? या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्यानंतरच ठराव संमत व्हावा.